छोट्या विमानाने मनोऱ्याचा सल्ला घ्यावा का?

दिघीत कोणाच्याही गच्चीवर उभे राहा, विमान दिसायला फार वेळ लागत नाही. लोहगावचा विमानतळ आपल्या शेजारीच. तो हवाई दलाचा, म्हणून तेथून सुखोईही उडतात आणि दिल्लीला जाणारी प्रवासी विमानेही. कोणी केव्हा निघायचे, किती उंचीवर जायचे, हे हवाई दलाचे नियंत्रक रेडिओवरून सांगतात. तेथे ऐकू की नको हा प्रश्नच नाही. ते सांगतील तसेच वागावे लागते.

पण मित्रांनो, विमाने काही नुसती कंपन्यांची आणि सैन्याची नसतात. हौसेने किंवा स्वतःच्या कामासाठी छोटे विमान चालवणारेही लोक असतात. आपल्या देशात वय १७ पूर्ण, दहावी पास, तब्येत ठणठणीत, किमान ४० तास विमान चालवलेले आणि परीक्षा उत्तीर्ण, एवढे झाले की खाजगी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. अशा वैमानिकाला उड्डाणाची खबर आधी द्यावीच लागते. मात्र मोठ्या विमानतळापासून लांब, मोकळ्या आभाळात गेल्यावर खालचा नियंत्रक त्याला पदोपदी हुकूम देत नाही. "तुझ्या समोरून एक विमान येत आहे" अशी माहिती देतो, सल्ला देतो. वळायचे की नाही ते वैमानिकाने ठरवायचे. मग काहीजण म्हणतात, सल्ला हवाय कशाला? देवाने डोळे दिलेत की!

डोळ्यांवर विमान चालवता येते, हे खरेच आहे. जे. आर. डी. टाटांना १९२९ साली भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्या विमानात रेडिओसुद्धा नव्हता. पण तेव्हा आभाळ रिकामे होते. आता तसे आहे का?

जरा गणित करू. दोन छोटी विमाने समोरासमोर येत आहेत. प्रत्येकाचा वेग ताशी २०० किलोमीटर. म्हणजे दोघांमधले अंतर ताशी ४०० च्या वेगाने कमी होते, सेकंदाला सुमारे १११ मीटर. दोन किलोमीटरवर दिसले तर हातात राहतात फक्त १८ सेकंद. आणि दोन किलोमीटरवरचे विमान दिसते माशीएवढे!

त्यातही एक गंमत आहे, खरे तर गंमत नव्हे, धोका. आळंदी रस्त्याने सायकलवरून जाताना बाजूच्या वाटेने ट्रॅक्टर येतो. तो आपल्या नजरेत पुढे किंवा मागे सरकत असेल तर टक्कर होत नाही. पण तो एकाच जागी खिळल्यासारखा दिसला आणि नुसता मोठामोठा होत गेला, तर समजावे की आपण दोघे एकाच ठिकाणी पोचणार. विमानाचेही तसेच. जे धडकणार असते तेच काचेवर हलत नाही, आणि आपली नजर हलणाऱ्या वस्तूकडेच आधी जाते.

डोळे मोठमोठ्या वैमानिकांनाही फसवतात. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे प्रवासी विमान मुंबईत सांताक्रूझला उतरायचे, ते उतरले जवळच्याच जुहूच्या लहानशा धावपट्टीवर. धावपट्टी संपली तरी विमान थांबेना. नशीब की कोणी दगावले नाही, पण विमान मोडीत निघाले.

सल्ला देण्याची रीत मोठी सोपी आहे. वैमानिकाने स्वतःला घड्याळाच्या मध्यभागी समजायचे. नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन, पाठीमागे सहा, डाव्या हाताला नऊ. नियंत्रक सांगतो, "दोन वाजता, पाच मैलांवर विमान." झाले, सगळे आभाळ धुंडाळायला नको. वैमानिकाने तिकडे बघून "दिसले" किंवा "दिसत नाही" असे लगेच कळवायचे. मैदानावर डोळे मिटून आणि एकाने ओरडून हा खेळ करून पाहा.

आता उलट बाजू. रेडिओवर बोलताना लक्ष विचलित होते, असे काही म्हणतात. नवख्याला इंग्रजीत बोलायची भीती वाटते. नियंत्रकाला मोठ्या विमानांची कामे असतात, त्यामुळे तो नेहमीच मोकळा नसतो. डोंगराआडून खालून उडणारे विमान रडारला दिसत नाही, आणि घारी तर त्याने सांगायच्या राहूनच जातात. हे सगळे खरे आहे. तरी याचा अर्थ एवढाच की नियंत्रक गप्प आहे म्हणून आभाळ मोकळे आहे असे धरू नये. सल्ला नकोच, असा अर्थ कसा निघेल?

आणि मिळालेला सल्ला नीट कळला पाहिजे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीच्या आभाळात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितले होते. समोरून सौदी विमान येत आहे, हेही सांगितले होते. ते १४,००० फुटांवर होते. तरी कझाक विमान खाली उतरत गेले. त्यात मनोऱ्याशी बोलणारा एक होता आणि विमान चालवणारे दुसरे. शिवाय इंग्रजी कच्चे.

हुकूम असो की सल्ला, डोळे मात्र मिटून चालत नाही. १५ फेब्रुवारी २०२० ची आपल्या लोहगावचीच गोष्ट. एअर इंडियाचे दिल्लीला निघालेले विमान धावपट्टीवर जोरात धावत होते. तेवढ्यात वैमानिकांना पुढे एक जीप आणि एक माणूस दिसला. थांबायला जागा नव्हती. त्यांनी नेहमीपेक्षा लवकरच विमान वर उचलले. विमानाच्या अंगाला मार बसला, पण ते दिल्लीला सुखरूप उतरले.