घाबरलेले हृदय आणि लांब उच्छ्वास

तोंडी परीक्षेच्या दिवशी व्हरांड्यात ताटकळणारी मुले डोळ्यांसमोर आणा. कुणाच्या घशाला कोरड पडलेली असते, कुणाचे तळहात घामेजलेले असतात, कुणाच्या पोटात गोळा आलेला असतो. काल घरी घडाघडा म्हटलेली व्याख्या आज आठवत नाही. अशा मुलाला आपण हमखास सांगतो, ‘‘घाबरू नकोस.’’ त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण हृदय हुकूम ऐकत नाही.

धोक्याची चाहूल लागताच अनुकंपी चेतासंस्था जागी होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनलीन रक्तात येते. हृदय जोरात धडधडू लागते, स्नायूंना जादा रक्त मिळते, पचन मंदावते, लाळ आटते. ही लढण्याची किंवा पळण्याची तयारी आहे, असा अर्थ अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ सालच्या आपल्या पुस्तकात लावला. वाघ समोर आला तर ही तयारी कामाची. पण परीक्षकांसमोर ना लढता येते, ना पळता येते!

शरीरात लगामही आहे. मेंदूपासून हृदयापर्यंत व्हेगस नावाची चेता जाते. ऑटो लोवी यांनी बेडकाचे हृदय द्रवात ठेवून ही चेता उत्तेजित केली, तेव्हा ठोके मंदावले. तो द्रव दुसऱ्या हृदयाला देताच तेही मंदावले. म्हणजे चेतेच्या टोकातून एखादे रसायन स्रवत असले पाहिजे. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधासाठी १९३६ चे नोबेल पारितोषिक लोवी आणि हेन्री डेल यांना मिळाले. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन.

हा लगाम हाती कसा घ्यायचा? हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी आपल्या इच्छेने चालत नाहीत. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि ठरवून बदलताही येतो. श्वास आत घेताना व्हेगसचा हृदयावरील ताबा सैल होतो, उच्छ्वासाच्या वेळी तो पुन्हा आवळला जातो.

हे वर्गात पडताळून पाहता येते. मुलांच्या जोड्या करा. एकाने चार अंक मोजेपर्यंत सावकाश श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजेपर्यंत सोडावा. दुसऱ्याने त्याच्या मनगटावर दोन बोटे ठेवून नाडी पाहावी (अंगठा नको, त्यात स्वतःचीच नाडी जाणवते) आणि प्रत्येक ठोक्याला दुसऱ्या हाताने बाकावर टिचकी मारावी. श्वास आत जाताना टिचक्या जवळजवळ येतात, बाहेर पडताना त्यांच्यातले अंतर वाढते. हा फरक म्हणजे आजार नव्हे. निरोगी मुलांत तो सहसा चांगला जाणवतो. वयानुसार तो कमी होतो, म्हणून शिक्षकांनी स्वतःच्या नाडीवर विसंबू नये.

परीक्षेपूर्वी दोन-तीन मिनिटे असा श्वसनाचा सराव पुरे. त्याच्या जोडीला मुठी पाच सेकंद घट्ट आवळून सैल सोडाव्यात, मग खांदे वर उचलून सोडावेत. एडमंड जेकबसन या शिकागोच्या डॉक्टरांनी स्नायू शिथिल करण्याच्या पद्धतीवर १९२९ साली पुस्तक लिहिले. आवळून सोडण्याची ही युक्ती त्याच घराण्यातली.

मात्र जोरजोरात, भराभर श्वास घेऊ देऊ नये. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येते. एखादे मूल रोजच धास्तावलेले असेल, शाळाच टाळत असेल, तर त्याला श्वास मोजायला लावणे पुरेसे नाही. भीतीचे कारण शोधावे, गरज पडल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ते कारण कधीकधी आपला चढलेला आवाजही असू शकतो.

संकट टळले, की आपण ‘हुश्श’ म्हणतो. तो लांब उच्छ्वासच असतो. पुढच्या तोंडी परीक्षेला मुलांना ते ‘हुश्श’ आधीच म्हणू द्या, आणि पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी आपणही एकदा म्हणा.