नवपदवीधर वैद्याचा बायोडाटा आणि आपली जबाबदारी

दरवर्षी आंतरवासिता संपली, की बी.ए.एम.एस. पदवीधरांचे अर्ज आपल्या चिकित्सालयांत व औषधनिर्माणशाळांत येऊ लागतात. गेल्या वर्षी आमच्या चिकित्सालयात सहायक वैद्याची एक जागा भरावयाची होती. त्या निमित्ताने जे अनुभवास आले, ते व्यवसायबंधूंसमोर मांडावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

बहुतेक अर्जांचे रूप एकसारखे होते. आरंभी उच्च ध्येय सांगणारे एक इंग्रजी वाक्य, पुढे दहावीपासूनचे गुण, मग 'मेहनती', 'प्रामाणिक' ही विशेषणे आणि शेवटी उपस्थित राहिलेल्या चर्चासत्रांची यादी. साडेचार वर्षांचे अध्ययन आणि एक वर्षाची आंतरवासिता यांतून हा विद्यार्थी नेमके काय करावयास शिकला, हे मात्र कोठेच आढळत नव्हते. एका अर्जात 'पंचकर्मात निष्णात' असे ठळक अक्षरांत छापले होते. मध्यम शुद्धी झालेल्या रुग्णास संसर्जनक्रम किती दिवसांचा द्याल, असे आम्ही मुलाखतीत विचारले. 'पाच दिवस' हे साधे उत्तर आले नाही.

याउलट एका विद्यार्थिनीचा अर्ज जेमतेम पाऊण पानाचा होता. आम्ही तो बाजूस ठेवला होता. एक उमेदवार ऐनवेळी न आल्याने तिला बोलावणे धाडले. बोलता बोलता कळले, की विरेचनाच्या अठरा रुग्णांच्या स्नेहपानापासून संसर्जनापर्यंतच्या नोंदी तिने स्वतः ठेवल्या होत्या. रोजची मात्रा, स्नेह जिरण्यास लागलेला वेळ, वेगांची संख्या, सारे वहीत होते. अर्जात मात्र 'आंतरवासिता पूर्ण' एवढेच दोन शब्द! हे का लिहिले नाही, असे विचारता ती म्हणाली, "सर, इंटर्नशिप सगळेच करतात. त्यात लिहिण्यासारखं काय आहे?" आज ती आमच्याकडे कार्यरत आहे, परंतु तो एक उमेदवार आला असता, तर तिची वही आम्ही कधीच पाहिली नसती.

बायोडाटा कसा असावा?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ प्रत्यक्ष कर्मदर्शन, दक्षता आणि शुचिता. बायोडाटाची मांडणी याच क्रमाने करावी, असे आम्हांस वाटते.

१. शास्त्रज्ञान : नावाखाली परिषदेकडील नोंदणी क्रमांक, मग पदवी, विद्यापीठ व वर्ष द्यावे. दहावी-बारावीस एक ओळ पुरे. धर्म, जात, उंची, वजन यांची आवश्यकता नाही.

२. कर्मदर्शन : हा बायोडाटाचा प्राण होय. आंतरवासितेचा प्रत्येक विभाग स्वतंत्र ओळीत लिहावा : ठिकाण, कालावधी, काम आणि संख्या. त्यातही 'पाहिले', 'साहाय्य केले' आणि 'देखरेखीखाली स्वतः केले' हे तीन भेद स्पष्ट असावेत. 'क्षारसूत्राचे ज्ञान' या शब्दांतून काहीच बोध होत नाही. 'क्षारसूत्र बदलताना बारा रुग्णांत साहाय्य, चार रुग्णांत देखरेखीखाली स्वतः' असे लिहिले, तर नेमणूक करणाऱ्यास उमेदवार कोठवर पोहोचला आहे ते तत्काळ कळते. रुग्णांची नावे मात्र कोठेही देऊ नयेत.

३. दक्षता : एकच बायोडाटा सर्वत्र पाठविणे म्हणजे सर्व ज्वरांत एकच कल्प देणे होय. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांत आयुष वैद्यांची नेमणूक होते. तेथे अर्ज करताना शालेय आरोग्य तपासणी आणि बालकांच्या वाढीच्या मोजमापाचा अनुभव वर यावा. औषधनिर्माणशाळेसाठी द्रव्यओळख, स्नेहाची पाकपरीक्षा, भस्माच्या वारितर व रेखापूर्ण या परीक्षा, बॅचच्या नोंदी यांस अग्रस्थान द्यावे. उत्तम उत्पादन पद्धतीविषयीची अनुसूची 'टी' निदान एकदा वाचून उमेदवाराने मुलाखतीस यावे, ही आपल्या औषधनिर्मात्या सदस्यांची अपेक्षा रास्तच आहे.

४. शुचिता : जे केले नाही ते लिहू नये. प्रत्येक ओळीवर एक प्रश्न विचारला जाईल, असे गृहीत धरावे. ज्या ओळीवर दोन मिनिटे बोलता येणार नाही, ती खोडून टाकावी. शुद्धलेखन एकदा दुसऱ्याकडून तपासून घ्यावे आणि एकूण मजकूर दोन पानांत आटोपावा.

आपला वाटा

येथवर विद्यार्थ्यांचे दोष सांगितले. आता आमचा सांगतो. त्या 'निष्णात' उमेदवाराने एका चिकित्सालयाचे प्रमाणपत्र जोडले होते. 'यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले असून त्यांची वर्तणूक उत्तम आहे.' ते वाचून आम्ही चपापलो. कारण हेच वाक्य आमच्या स्वतःच्या लेटरहेडवर आम्ही अनेकांना लिहून दिले आहे. सहा महिने राबलेल्यास आणि आठ दिवस येऊन गेलेल्यास एकच मजकूर! हे सौजन्य नव्हे. यात राबलेल्याचे श्रम मातीमोल होतात आणि न शिकलेल्याच्या हाती रुग्ण सोपविला जातो. वमन-विरेचनातील व्यापद कोणाचे प्रमाणपत्र पाहून टळत नाही.

त्यानंतर आम्ही आमची रीत बदलली. शिकावयास येणाऱ्या प्रत्येकास पहिल्या दिवशी एक साधी वही देतो. कर्म, दिनांक, वरील तीनपैकी भेद आणि आमची स्वाक्षरी असे चार रकाने. दर शनिवारी दहा मिनिटे बसून ती तपासतो. अखेरीस प्रमाणपत्रात त्या वहीतील आकडेच उतरतात. जो आला नाही, त्यास प्रमाणपत्र नाही. प्रारंभी काहींची नाराजी पत्करावी लागली; परंतु आता मुलेच शनिवारी वही घेऊन दाराशी उभी असतात.

औषधनिर्मात्या सदस्यांनीही प्रशिक्षणार्थींस केवळ कारखाना न दाखविता एखादी बॅच कच्च्या द्रव्यापासून वेष्टनापर्यंत लिहून काढावयास सांगावी. बायोडाटा अर्जाच्या आदल्या रात्री सुधारत नाही; तो आंतरवासितेच्या वर्षभरात, आपल्याच ओट्यावर आणि आपल्याच भट्टीपाशी लिहिला जातो. सदस्यांनी ही वही आपल्या येथे सुरू करून पाहावी, अशी आमची नम्र विनंती आहे.