लाखोंची गर्दी, जवानांचा पहारा आणि मेटालिकाचं जुनं गाणं. मॉस्कोच्या 'त्या' व्हिडिओत काय घडतंय?

नजर पोहोचेल तिथपर्यंत माणसं, वर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर, गर्दीत गणवेशातले जवान आणि स्टेजवर 'क्रीपिंग डेथ' वाजवणारा मेटालिका बँड. हा व्हिडिओ अधूनमधून सोशल मीडियावर फिरत असतो. सोबत ओळ असते, '१६ लाख लोकांसमोर मेटालिकाचा कॉन्सर्ट'. यात खरं किती?

कुठला आहे हा व्हिडिओ?

तारीख २८ सप्टेंबर १९९१. ठिकाण मॉस्कोजवळचा तुशिनो विमानतळ. कार्यक्रम होता 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' महोत्सव. म्हणजे हा एकट्या मेटालिकाचा कॉन्सर्ट नव्हता. पँटेरा आणि ब्लॅक क्रोज हे बँडही होते आणि मुख्य आकर्षण होतं एसी/डीसी.

महिनाभरापूर्वीच, ऑगस्टमध्ये, सोव्हिएत संघात कट्टर कम्युनिस्ट नेत्यांनी गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंड केलं होतं. मॉस्कोच्या रस्त्यांवर रणगाडे आले, लोकही रस्त्यावर उतरले आणि तीन दिवसांत बंड फसलं. त्या लोकांमध्ये तरुण मोठ्या संख्येने होते. हा मोफत कार्यक्रम म्हणजे त्यांचे आभार, असं त्या वेळी सांगितलं गेलं.

गाणं कशाबद्दल आहे?

'क्रीपिंग डेथ' हे १९८४ च्या 'राइड द लाइटनिंग' या मेटालिकाच्या दुसऱ्याच अल्बममधलं गाणं. विषय बायबलमधला आहे. इजिप्तच्या फॅरोने हिब्रू लोकांना गुलाम केलेलं असतं, तो त्यांना सोडत नाही आणि इजिप्तवर एकामागून एक संकटं येतात. शेवटचं, दहावं संकट म्हणजे घरोघरच्या पहिल्या मुलाचा मृत्यू. गाण्यात हा मृत्यूच बोलतो.

गाण्याच्या मध्यावर एकाच छोट्या शब्दाचा घोष आहे. गिटारवादक कर्क हॅमेट यांनी हा भाग आपल्या आधीच्या 'एक्सोडस' बँडमधून आणला. मैफिलीत ही जागा प्रेक्षकांची असते. मुठी वर जातात आणि गर्दीच गाऊ लागते. त्यासाठी इंग्रजी यावं लागत नाही. तुशिनोत बेसवादक जेसन न्यूस्टेड यांच्यासोबत रशियन तरुण तेच करत होते.

मग १६ लाखांचं काय?

कार्यक्रम मोफत, मैदान मोकळं. तिकीटच नसल्याने मोजणी झालीच नाही. त्यामुळे काही लाखांपासून १६ लाखांपर्यंत वेगवेगळे अंदाज सांगितले जातात. गर्दी प्रचंड होती, हे व्हिडिओत दिसतंच. मात्र '१६ लाख' हा त्यातला सर्वांत मोठा अंदाज आहे, मोजलेला आकडा नाही.

दिवस शांततेतही गेला नाही. प्रेक्षक आणि सुरक्षा दलांमध्ये चकमकी झाल्या, लाठ्या चालल्या, अनेक जण जखमी झाले.

तरीही हा व्हिडिओ का पाहावा?

गाणं सोव्हिएत संघावर लिहिलेलं नव्हतं. पण जुलमी सत्तेतून सुटणाऱ्या लोकांची ही गोष्ट नुकतंच बंड परतवलेल्या शहरात, जवानांच्या पहाऱ्यात वाजली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २६ डिसेंबर १९९१ रोजी, सोव्हिएत संघ अधिकृतपणे संपुष्टात आला. व्हिडिओत मुठी उंचावणाऱ्या तरुणांना तेव्हा याची कल्पनाही नव्हती.