हळद, गुळवेल आणि आपलं काळीज

सांगलीची हळद साऱ्या देशात जाते. पूर्वी हरिपुरात जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवीत. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा मुलखात हळदीचे गुण कुणी सांगायला नकोत. बोट कापलं, की लावा हळद. घसा धरला, की प्या हळदीचं दूध.

पण अलीकडे गावात नवं बोलणं ऐकू येतं. "हळदीच्या गोळ्या घ्या. गुळवेलीचा काढा रोज प्या. काळीज साफ होतं." हे खरं का, असं पुष्कळ जण आम्हांला विचारतात. या धड्यात आपण तेच पाहू.

काळीज कुठं असतं?

आपण छातीवर हात ठेवून म्हणतो, "काळीज धडधडलं." पण धडधडतं ते हृदय. काळीज म्हणजे यकृत. ते उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली असतं. बकऱ्याची कलेजी आपण आणतो, तेच हे. मोठ्या माणसाचं काळीज साधारण दीड किलो भरतं.

त्याचं काम पुष्कळ. जेवणातली साखर ते पेवातल्या हळदीसारखी साठवून ठेवतं आणि गरज पडली की काढून देतं. तेलातुपाचं पचन व्हावं म्हणून पित्त तयार करतं. जखमेतलं रक्त गोठायला जो माल लागतो, तो तिथंच तयार होतो.

आणखी एक काम मोठं आहे. आपण जे गिळतो, ते पोटातून रक्तात जातं आणि ते रक्त आधी काळजाकडे येतं. पूर्वी जकात नाक्यावर जशी प्रत्येक गाडी थांबायची, तसं हे आहे. भाकरी असो, दारू असो, डॉक्टरची गोळी असो की वैदूचा पाला असो, काळजाला त्याची झडती घ्यावीच लागते. विषारी असेल ते मोडून बाहेर टाकावं लागतं.

म्हणून एक गोष्ट ध्यानात येते. काळीज साफ करायला बाहेरून काही लागत नाही. साफसफाई हे त्याचंच काम. आपण त्याच्यावर नको तो बोजा टाकू नये, एवढंच त्याला हवं असतं.

आमटीतली हळद आणि गोळीतली हळद

आमटीत आपण चिमूटभर हळद टाकतो. हळदीचा जो मुख्य अर्क, तो त्या चिमटीत फार थोडा असतो. त्यातलाही थोडाच रक्तात जातो. अशी हळद आपले वाडवडील खात आले. ती खुशाल खावी.

गोळीची गोष्ट वेगळी. गोळीत तो अर्क काढून, दाबून भरलेला असतो. तो रक्तात जास्त जावा म्हणून काही गोळ्यांत मिऱ्याचा अर्कही घालतात. मग काळजावर एकदम मोठा बोजा पडतो. सगळ्यांना त्रास होतो असं नाही, पण काहींना होतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२२ साली अशा दहा रुग्णांची हकीकत छापली. हळदीच्या गोळ्यांनी त्यांच्या काळजाला इजा झाली होती. पाच जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. एक दगावला.

गुळवेलीचंही तसंच. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा घरोघर गुळवेलीचे काढे उकळू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या डॉक्टरांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. ही हकीकत २०२१ साली छापून आली. सरकारच्या आयुष खात्याचं म्हणणं निराळं. गुळवेल चांगली, पण तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असते, ती घेऊ नये, असं ते म्हणतात. वाद कसाही असो, आपण काय शिकायचं? झाडपाला आहे म्हणजे अपाय नाही, असं नसतं. धोतराही झाडच आहे!

मग पाल्यानं कावीळ बरी कशी होते?

इथं कुणी म्हणेल, "आमच्या चुलत्याला कावीळ झाली होती. भुईआवळीचा रस दिला. महिन्यात बरा झाला. ते खोटं का?"

चुलता बरा झाला हे खरं. पण कशानं झाला, ते पाहू.

रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की एक पिवळा पदार्थ तयार होतो. काळीज तो बाहेर टाकतं. काळीज आजारी पडलं की तो अंगात साठतो. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. हीच कावीळ. घाण पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. कारण काळीज स्वतःला सावरतं. निरोगी काळजाचा अर्ध्याहून जास्त भाग कापून काढला, तरी ते पुन्हा वाढतं. असं दुसरं इंद्रिय शरीरात नाही.

म्हणजे रस दिला तरी चुलता बरा होणार होता, न देता तरी होणार होता. मान मात्र रसाला मिळाला. भुईआवळीची तपासणीही झाली आहे. १९८८ साली मद्रासच्या डॉक्टरांनी बी प्रकारच्या काविळीवर तिचा गुण दिसल्याचं लिहिलं. पुढे दुसऱ्या देशांत तपासलं, तेव्हा तसा गुण दिसला नाही.

काविळीची माळही अशीच. ओल्या काड्या दोऱ्यात गुंफून गळ्यात घालतात. माळ लांबत जाते आणि कावीळ उतरली म्हणतात. खरी गोष्ट साधी आहे. काड्या सुकतात, आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. खुंटीला टांगलेली माळसुद्धा लांबते. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, तीही हातचलाखी. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. साताऱ्याचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. अशा गोष्टींमागचं गुपित समितीचे कार्यकर्ते गावोगाव उघड करून दाखवत आले.

माळ घातली तर बिघडलं काय, असं म्हणू नका. बिघडतं ते वेळेमुळे. सगळी कावीळ सारखी नसते. एखादीच्या पोटात सातवा-आठवा महिना असतो. तिला पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ झाली, तर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. माळ लांबायची वाट पाहत तिला घरी बसवून ठेवलं, तर दोन जीव धोक्यात येतात. म्हणून गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या.

कावीळ येते कुठून?

आपली कृष्णामाई महाबळेश्वरला उगम पावते. वाईवरून येते, कराडला कोयनेला भेटते आणि सांगलीला जाते. २००५, २०१९ आणि २०२१ साली तिला मोठे पूर आले. पुराचं पाणी विहिरीत, आडात, नळात शिरतं. संडासाची घाणही त्यात मिसळते. त्या घाणीतूनच काविळीचे जंतू पोटात जातात.

१९५५ साली दिल्लीत असंच झालं. यमुनेला पूर आला, गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. एवढ्या लोकांना पुरेल इतका पाला कुठून आणायचा? त्यापेक्षा पाणी उकळणं सोपं.

पाणी चांगली उकळी फुटेपर्यंत तापवावं आणि मग पाच मिनिटं उकळू द्यावं. विहिरीत टीसीएल पावडर वेळच्या वेळी पडते का, हे ग्रामपंचायतीला विचारावं. कावीळ झालेल्याला उसाचा रस देतात. रसात वाईट काही नाही. पण घाणेरड्या बर्फाचा, माश्या बसलेला रस दिला, तर दुखण्यात आणखी दुखण्याची भर.

बी प्रकारची कावीळ रक्तातून, वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला होते. तिची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. बाळ जन्मलं की चोवीस तासांच्या आत ती टोचून घ्यावी.

काळजाला काय मानवतं?

ज्वारीची भाकरी, डाळ, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक, झेपेल तर अंडं. असं साधं जेवण काळजाला मानवतं. कावीळ झालेल्याला महिनाभर नुसत्या भातावर ठेवू नका. दुखण्यातून उठायला अंगात ताकद लागते. भूक लागेल तसं थोडं थोडं, चार-पाच वेळा द्या. जेवणातल्या हळदीनं कावीळ वाढत नाही.

आता काय टाळायचं? पहिली दारू. हातभट्टीची असो की दुकानातली, काळीज ती मोडता मोडता स्वतःच मोडतं. आधी चरबी साठते, मग काळीज दगडासारखं कडक होतं. सुरुवातीलाच दारू सोडली, तर ते पुन्हा सावरतं. फार गोड आणि फार तेलकट खाऊन बसून राहणाऱ्याच्या काळजातही चरबी साठते, मग तो दारूला शिवलेला नसला तरी.

दुसरे बुरशीचे शेंगदाणे. आपल्याकडे चांगल्या शेंगा बाजारात जातात आणि डागी घरात राहतात. पण काळ्या, हिरवट बुरशीत विष असतं. भाजल्यानं ते पुरतं जात नाही. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानात पावसानं भिजलेला, बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं काविळीनं मेली. म्हणून शेंगा नीट वाळवून ठेवा. बुरशीचा दाणा चटणीत घालू नका, जनावरालाही घालू नका.

कावीळ झाल्यावर माणूस बरळू लागला, सारखा झोपू लागला, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा पोट फुगलं, तर घरात थांबू नका. डॉक्टरकडे गेलात की कुठला पाला, कुठली गोळी घेतली होती, ते लाजू नका, सांगा. शक्य असलं तर तो पाला बरोबर न्या. डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

हळद आपल्या मातीतली आहे. तिचा मान आमटीत आहे, हळदीकुंकवात आहे, बाजाराच्या सौद्यात आहे. तो मान तिथंच राहू द्या. काळजाचं काम काळजाला करू द्या. आपण त्याला उकळलेलं पाणी आणि ताजं अन्न देऊ या. बाकी ते आपलं आपण सांभाळून घेतं.