पीएचपी बदलतेय, तुमची वेबसाइट तयार आहे का?

शाळा, पतसंस्था, गणेश मंडळ, छोटं दुकान… यांची वेबसाइट कुणीतरी एकदा करून देतो आणि मग तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. अशा बऱ्याच साइट वर्डप्रेसवर, म्हणजेच पीएचपी भाषेवर चालतात. एक दिवस होस्टिंगवाले सर्व्हरवरची पीएचपी बदलतात आणि पान कोरं दिसू लागतं. हे अचानक झाल्यासारखं वाटतं. पण त्याची सूचना बहुधा आधीच मिळालेली असते.

बदल ठरतो कसा?

भाषेतल्या बदलाचा आधी लेखी प्रस्ताव येतो. त्याला 'आरएफसी' म्हणतात. त्यावर उघड चर्चा होते, मग मतदान. मंजुरीसाठी दोन-तृतीयांश मतं लागतात. हे प्रस्ताव पीएचपीच्या विकीवर कुणालाही वाचता येतात.

जुनी सोय सहसा एकदम काढत नाहीत. आधी तिच्यावर 'डेप्रिकेटेड' असा शिक्का बसतो. काम चालूच राहतं, फक्त इशारा मिळतो. डेटाबेसशी जोडणाऱ्या जुन्या 'मायएसक्यूएल' फंक्शनांवर २०१३ मध्ये ५.५ आवृत्तीत हा शिक्का बसला. डिसेंबर २०१५ मध्ये ७.० आली तेव्हा ती गेली. मधल्या अडीच वर्षांत ज्यांनी इशारा वाचला नाही, त्यांच्या साइट नव्या आवृत्तीवर बंद पडल्या.

सध्या असाच शिक्का 'यूटीएफ-८ एन्कोड' या फंक्शनवर आहे (८.२ पासून). ते ९.० मध्ये जाणार आहे. मराठी साइटवाल्यांनी ते तसंही शोधून काढावं. ते फक्त 'लॅटिन-१' मजकुरासाठी आहे. आधीच यूटीएफ-८ मध्ये असलेल्या देवनागरीवर चालवलं, तर अक्षरांचा पार कचरा होतो.

तारखा लक्षात ठेवा

नवी आवृत्ती दरवर्षी साधारण नोव्हेंबरच्या सुमारास येते. तिला दोन वर्षं पूर्ण दुरुस्त्या आणि पुढची दोन वर्षं फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. ८.२ ची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते.

काय करायचं?

- होस्टिंगच्या पॅनेलमध्ये आपली आवृत्ती बघा.
- बॅकअप घ्या. साइटची वेगळी प्रत नव्या आवृत्तीवर चालवून बघा.
- त्या प्रतीवर सगळे इशारे लॉगमध्ये नोंदवा आणि एकेक निपटा. चालू साइटवर ते लोकांना दिसू देऊ नका.
- प्रत्येक आवृत्तीसोबत 'अपग्रेडिंग' नावाची फाइल येते. त्यात जुना कोड कुठे मोडेल, तो भाग आधी वाचा.
- वर्षानुवर्षं अपडेट नसलेलं प्लगइन बदला.

साइट दुसऱ्याकडून करून घेतली असेल, तर त्याला एकच विचारा: आपली पीएचपी कितवी, आणि तिची मुदत कधी संपते?