दोन संगणक, एक खातेवही

लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांची जागा संगणकाने घेतली, त्याला आता बराच काळ लोटला. दिवाळीत वहीपूजनाच्या पाटावर लॅपटॉप दिसला तरी कोणाला नवल वाटत नाही. जुन्या वहीत मात्र एक सोय होती. पेढीवर वही एकच असे आणि ज्याला नोंद पाहायची तो गादीवर येऊन पाहत असे. आज तळमजल्यावरील दुकानात एक संगणक असतो, वरच्या मजल्यावर दुसरा. दिवसा बिले दुकानात होतात. रात्री जीएसटीचे काम मुलगा किंवा सून घरी बसून करते. कीर्द-खतावणी एकच हवी, म्हणून दुकानातील संगणकाचा एक फोल्डर घरच्या संगणकाला खुला केला जातो. यालाच फाइल शेअरिंग म्हणतात.

ही व्यवस्था महिनोन्‌महिने बिनतक्रार चालते आणि एके दिवशी बंद पडते. महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचे विवरण आणि २० तारखेला कराचे विवरण भरायचे असते. नेमक्या त्याच सुमारास फोल्डर उघडेनासा झाला, की घरात धावपळ उडते.

घाईतील उपाय

अशा वेळी ओळखीचा जाणकार बहुधा एकच सल्ला देतो: फायरवॉल बंद करा, पासवर्डची अट काढा, फोल्डरवर सर्वांना पूर्ण अधिकार द्या. फोल्डर उघडतो आणि काम होते. परंतु एका दाराची कडी अडकली म्हणून घराची सारी दारे काढून ठेवण्यासारखा हा प्रकार आहे. काम झाले की दारे पुन्हा बसवण्याचे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

त्याचे मोल किती असू शकते, हे मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना अनेक तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विंडोजमधील फाइल शेअरिंगच्या ‘एसएमबी’ या पद्धतीची पहिली, जुनी आवृत्ती हीच त्याची वाट होती. त्यातील दोषावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तो ज्यांनी बसवला नव्हता, त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. त्यानंतर विंडोजच्या नव्या आवृत्त्यांतून ही जुनी पद्धत टप्प्याटप्प्याने काढण्यात आली. ती पुन्हा सुरू करण्याचा सल्ला आजही दिला जातो. दोन्ही संगणकांवर विंडोज १० किंवा ११ असेल, तर तिची काहीही गरज नसते.

संदेश काय सांगतो?

दुरुस्तीची सुरुवात पडद्यावरील संदेश शांतपणे वाचण्यापासून करावी. ‘मार्ग सापडत नाही’ असा संदेश असेल, तर दोष बहुधा वाटेत असतो. पुन:पुन्हा नाव आणि पासवर्ड मागितला जात असेल, तर ओळख पटत नाही. ‘प्रवेशाची परवानगी नाही’ असे दिसले, तर वाट आणि ओळख बहुधा ठीक असून अधिकार कमी पडतो. वाटेचा दोष अधिकार वाढवून जात नाही आणि अधिकाराचा दोष राउटर बंद-चालू करून जात नाही.

वाट

प्रथम दुसरा संगणक चालू आहे ना, हे पाहावे. काही वेळ वापर नसेल तर संगणक निद्रावस्थेत जातो आणि नेटवर्कवरून दिसेनासा होतो. दुकानातील संगणकाची ही निद्रा सेटिंगमधून बंद करता येते.

नंतर दोन्ही संगणक एकाच जाळ्यात आहेत का, हे तपासावे. ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की संगणकाचा पत्ता दिसतो. घरगुती जाळ्यात पत्त्याचे पहिले तीन आकडे सामान्यतः सारखे असतात. एकाचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.७ असेल, तर ती दोन वेगळी जाळी आहेत. खाली इंटरनेट कंपनीचा राउटर आणि वर वाय-फाय पोहोचावे म्हणून जोडलेला दुसरा राउटर, अशी रचना अनेक घरांत असते. तिथे वरून खालचा फोल्डर उघडतो, पण खालून वरचा उघडत नाही, असा विचित्र अनुभव येतो. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ पद्धतीवर ठेवला की दोन्ही संगणक एका जाळ्यात येतात. एखादा संगणक पाहुण्यांच्या वाय-फायवर किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असला, तरीही भेट होत नाही.

विंडोज प्रत्येक जाळ्याला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ मानते. नवे जाळे बहुधा ‘पब्लिक’ धरले जाते आणि तिथे शेअरिंग बंद असते. राउटर बदलला की शेअरिंग थांबते, त्याचे हे नेहमीचे कारण आहे. घरचे जाळे ‘प्रायव्हेट’ करून ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ सुरू केले, की फायरवॉल स्वतःच हवी तेवढी वाट मोकळी करते. ती बंद करावी लागत नाही. लॅपटॉप प्रवासात नेला, तरी स्थानकावरील वाय-फाय ‘पब्लिक’च राहते आणि फोल्डर तिथे झाकलेला राहतो. बाहेरून विकत घेतलेल्या अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल, तर तिच्यातही घरचे जाळे विश्वासाचे म्हणून नोंदवावे.

‘नेटवर्क’च्या खिडकीत दुसरा संगणक दिसला नाही, म्हणजे वाट बंद आहे असे नव्हे. ‘रन’च्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पुढे पत्ता लिहावा. पत्त्याने फोल्डर उघडला आणि नावाने उघडला नाही, तर बिघाड केवळ नाव शोधण्यात आहे. पत्ता राउटरकडून बदलत असतो. राउटरमध्ये तो दुकानाच्या संगणकासाठी राखून ठेवला की ही अडचण उरत नाही.

ओळख

येथे बहुतेकांची फसगत होते. संगणक उघडताना दिला जाणारा चार-सहा आकडी पिन त्याच संगणकापुरता असतो. नेटवर्कवरून तो चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. पासवर्ड कोरा असलेल्या खात्यालाही विंडोज नेटवर्कवरून प्रवेश देत नाही. सोपा मार्ग असा, की दुकानाच्या संगणकावर केवळ शेअरिंगसाठी एक साधे स्थानिक खाते उघडावे, त्याला नीट पासवर्ड द्यावा आणि घरच्या संगणकावरून त्याच नावाने प्रवेश करावा. जुना पासवर्ड ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये साठलेला असेल तर तो काढून टाकावा; नाहीतर योग्य पासवर्ड ठाऊक असूनही संगणक जुनाच पुढे करीत राहतो.

विंडोज ११ प्रोच्या २४एच२ या आवृत्तीपासून पासवर्डविना, पाहुणा म्हणून होणारी जोडणी मुळातच नाकारली जाते. ‘अपडेटनंतर बंद पडले’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे कारण असते. अशा वेळी बंधन सैल करण्यापेक्षा पासवर्डाचे खाते उघडणे हाच योग्य उपाय होय.

अधिकार

फोल्डरवर अधिकारांचे दोन थर असतात: एक शेअरिंगचा, दुसरा डिस्कवरील सुरक्षेचा. दोहोंपैकी जो अधिक कडक, तोच नेटवर्कवरून लागू होतो. म्हणून शेअरिंगमध्ये पूर्ण अधिकार देऊनही प्रवेश नाकारला जातो. दोन्ही ठिकाणी त्या एका खात्याचे नाव घालावे. ज्याला केवळ पाहायचे आहे त्याला वाचनाचा आणि ज्याला नोंद करायची आहे त्याला बदलाचा अधिकार द्यावा. ‘एव्हरीवन’ला सर्व काही देऊ नये. पेढीवरही तिजोरीची किल्ली प्रत्येकाच्या हाती नसते.

टॅली वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सिल्व्हर परवाना एका वापरकर्त्यासाठी असतो; दोन संगणकांवर एकाच वेळी काम करायचे तर गोल्ड लागतो. फोल्डर व्यवस्थित उघडत असताना टॅली अडत असेल, तर नेटवर्कला दोष देण्यापूर्वी परवाना पाहावा. हिशेबाची नोंद अर्धवट असताना वाय-फाय तुटले तर माहिती बिघडू शकते, म्हणून या कामासाठी दोन मजल्यांमध्ये केबल टाकणे केव्हाही हितावह.

शेअरिंग म्हणजे प्रत नव्हे

दोन पडद्यांवर दिसली तरी वही एकच असते. ती एका डिस्कवर आहे; डिस्क गेली की दोन्हीकडून गेली. घरच्या संगणकात खंडणीखोर विषाणू शिरला, तर बदलाचा अधिकार असलेला दुकानाचा फोल्डरही त्याच्या हाती लागतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यावी, ती डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि प्रत उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे. दुकानाच्या संगणकाचा पत्ता, शेअरिंगच्या खात्याचे नाव आणि कोणाला कोणता अधिकार दिला, हे एका कागदावर लिहून त्याच कपाटात ठेवावे. पुढच्या वेळी शोध कुठून सुरू करायचा, हे त्या कागदावरून घरातील कोणालाही कळेल.