ठिबकमुळे कळलेला देश

बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. इथल्या शेतकऱ्याला इस्राएल कळला तो ठिबक सिंचनामुळे. तिथे हात्झेरिम या किबुत्झवर, म्हणजे सामूहिक वसाहतीत, १९६५ मध्ये ठिबकचा कारखाना उभा राहिला. भारताने त्या देशाला १९५० मध्येच मान्यता दिली होती, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळले २९ जानेवारी १९९२ रोजी. पुढे महाराष्ट्रातून शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे निघू लागले. राज्याचा कृषी विभाग परदेश दौऱ्यांना अनुदानही देतो.

दौऱ्याने त्या देशाविषयीचे मत बदलते का? उत्तर जपूनच द्यावे लागते. जो जातो त्याला बहुधा आधीपासूनच ओढ असते, शिवाय पदरचे पैसे घालण्याची ऐपतही. त्यामुळे परतल्यावरचे कौतुक प्रवासाने आले की मुळातच होते, हे वेगळे काढणे अवघड. आठवड्याभरात शेत, पाणी, यंत्रे दिसतात. सीमा आणि पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्या सहसा दिसत नाहीत. शेतीचे कौतुक म्हणजे परराष्ट्र धोरणाला पाठिंबा नव्हे. जाणाऱ्यांनी तिथल्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याला पाणी किती मिळते, हेही आवर्जून विचारावे.